माल नहीं है, अगले हफ्ते आना!

लॅमिंग्टन रोडवर हे वाक्य मी सप्टेंबर २०२१ मध्ये एका दुपारी नऊ वेळा ऐकलं. नऊ दुकानं, नऊ वेळा! कोरोनामुळे हॉस्टेल बंद होतं, म्हणून मी घोडपदेवला घरीच चाळीच्या गॅलरीत टेबल टाकून बी.ई.चा प्रोजेक्ट करत होतो. मोटर कंट्रोलरचे पीसीबी छापून आले होते, त्यावर ४८ पायांच्या एसटीएम३२एफ१०३ ची जागाही तयार होती. चिप काय, जाऊन आणू कधीही, असा आमचा थाट. भायखळा, नागपाडा करत चालत गेलं तरी पाऊण तास! (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलेलं असतं, पण ते नाव टॅक्सीवाल्याला सांगून पाहा.) पूर्वी दीडशे रुपयांत त्या चिपचा अख्खा बोर्ड मिळायचा. आता नुसती चिपसुद्धा नाही.

झालं काय होतं? २०२० च्या सुरुवातीला गाड्या विकल्या जाणार नाहीत म्हणून कार कंपन्यांनी चिपच्या ऑर्डरी रद्द केल्या. त्याच वेळी घरी बसलेल्या जगाने लॅपटॉप, राऊटर, टीव्ही घ्यायला सुरुवात केली आणि मोकळी झालेली जागा त्यांनी भरली. कारवाले परत आले तेव्हा रांगेत शेवटी. त्यात ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधल्या नोबेओकाला एकेएमच्या कारखान्याला आग लागली (ऑडिओ ॲम्प्लिफायर बनवणाऱ्या हौशी लोकांना ती चांगलीच आठवत असेल). फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासच्या हिमवादळात ऑस्टिनचे कारखाने बंद पडले आणि मार्चमध्ये रेनेसासच्या नाका इथल्या कारखान्यात आग. एक वेफर आत गेल्यापासून चिप बाहेर पडेपर्यंत तीनेक महिने जातात, त्यामुळे आज यंत्र सुरू केलं म्हणून उद्या माल येत नाही. शिवाय मायक्रोकंट्रोलर जुन्या पद्धतीच्या यंत्रांवर बनतात आणि त्यासाठी नवे कारखाने काढायची कोणाला घाई नसते.

पण खरी गोम वेगळीच आहे. ती मला आमच्या चाळीतल्या टीव्हीवाल्या काकांनी समजावली. "अरे, उद्या पाणी येणार नाही म्हटल्यावर काय होतं? एरवी दोन बादल्या भरणारा पिंप भरतो, वर शेजाऱ्याचा टब मागून आणतो. मग पाणी होतं तेही पुरत नाही." अगदी हेच झालं! हजार चिप हव्या असलेल्या कंपनीने तीन डिस्ट्रिब्युटरांकडे हजार-हजार मागितल्या, जिथून आधी मिळेल तिथून घेऊ म्हणून. बनवणाऱ्याला वाटलं मागणी तीन हजारांची आहे. मग तो वाटून देणार, म्हणजे रेशनिंग. मोठ्या गिऱ्हाइकाला आधी. पार्टच्या पुढे लीड टाइम ५२ आठवडे असे आकडे दिसायला लागले, ते असे.

आता डिस्ट्रिब्युटर म्हणजे नक्की कोण? एक अधिकृत. तो थेट बनवणाऱ्या कंपनीकडून माल घेतो, कागदपत्रांसह विकतो. अख्खं हजारोंचं रीळ नको असेल तर टेप कापून पाच नगही देतो. त्याचा भाव एका रात्रीत दसपट होत नाही, आणि म्हणूनच टंचाईत त्याची फडताळं आधी रिकामी होतात. दुसरा ब्रोकर. कोणाचा तरी उरलेला माल तो घेतो आणि गरज बघून भाव लावतो. यात आपल्यासारख्या हौशी माणसाला एक फायदा असतो, जो फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. ज्या कारखान्याला पाच हजार नग हवेत त्याला शिल्लक सात नगांचा उपयोग नसतो. आपल्याला असतो! म्हणून स्टॉकची यादी रोज बघणारा कधीकधी जिंकतो. परदेशातून मागवायचं तर कुरिअर, केवायसी आणि ड्युटी मिळून चिपपेक्षा खर्चच जास्त. तिथे चार जणांनी कॉन्ट्री काढून एकच पार्सल मागवणं परवडतं.

मला एवढा धीर नव्हता. एका दुकानात (नाव सांगत नाही) सातशेला एक अशा तीन चिप घेतल्या. वर कंपनीचा लोगो, सगळं झकास. घरी येऊन प्रोग्रॅमर जोडला तर तो नकारच देतो. अस्सल एसटीएम३२एफ१०३ आपला ओळख क्रमांक सांगते त्याचा पहिला अंक १ असतो. माझ्या चिपचा २. बाकीचे सगळे अंक तेच! सॉफ्टवेअरमध्ये तो आकडा बदलून एलईडी लुकलुकवला, पण एडीसीचं रीडिंग काही केल्या स्थिर होईना. तसं पाहिलं तर नक्कल म्हणून नक्कल वाईट नसते. गिगाडिव्हाइसची जीडी३२एफ१०३ स्वतःच्या नावाने मिळते, पायाला पाय जुळतो, थोडे बदल केले की कामही छान करते. राग येतो तो खोट्या नावाचा. हल्ली मी ब्रोकरकडची चिप आधी ॲसिटोनच्या बोळ्याने पुसतो. बोळा काळा झाला तर वरचा थर नंतर चढवलेला आहे असं समजायचं.

शेवटी काकाच कामाला आले. भंगारवाल्याकडून त्यांनी एका मेलेल्या हॉवरबोर्डचा बोर्ड आणला, त्यावर तीच चिप, फक्त ६४ पायांची. हॉट एअरने ती काढली, पीसीबी पुन्हा काढला आणि या वेळी त्यावर तयार मॉड्यूल बसवायच्या पट्ट्याही ठेवल्या, न जाणो! मोटर फिरली सबमिशनच्या आदल्या रात्री.

२०२३ उजाडलं आणि पिंप भरून ठेवलेले सगळे हैराण झाले. डिस्ट्रिब्युटरांच्या गोदामांत माल पडून, भाव खाली. २०२५ च्या अखेरीस मात्र एआयच्या डेटा सेंटरांपायी मेमरीचे भाव पुन्हा चढले. तेव्हा यंदाच्या बी.ई.वाल्यांनी आधी चिप हातात घ्यावी, मगच पीसीबी छापायला टाकावा.

त्या तीनपैकी दोन चिप अजून लॅबमध्ये माझ्या डब्यात आहेत. ज्यांना ओळख क्रमांक वाचून पाहायचा असेल त्यांनी यावं. प्रोग्रॅमर आपला आणावा, लॅबचा कोणीतरी नेलाय तो अजून आलेला नाही.