शी एक्स्प्रेस, फलाट नंबर एक!

ऑफिसात आपण भलीभली टार्गेट्स गाठतो. क्लायंट कितीही खडूस असो, प्रेझेंटेशन रात्री दोनला संपो, सकाळी नऊला आपण हजर! पण घरात अडीच वर्षांचा क्लायंट असला आणि त्याला पॉटीवर बसवायचं असलं की आपली सगळी मॅनेजमेंट फेल.

आमच्याकडे तेच झालं. पुण्याच्या फ्लॅटमध्ये बदकाच्या आकाराची पॉटी आली, भिंतीवर चार्ट लागला, स्टिकर्स आणले. चिरंजीव बदकावर ऐटीत बसायचे, उठायचे आणि पडद्यामागे जाऊन डायपरमध्ये काम उरकायचे. आधी समजावलं. मग आवाज चढला. ‘‘एवढा मोठा झालास, लाज नाही वाटत?’’

झालं! त्यानं शी करणंच बंद केलं. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. पोट फुगलं, जेवण सुटलं. चौथ्या दिवशी किंचाळत झाली, ती दगडासारखी.

डॉक्टरांनी सोपं करून सांगितलं. मूल शी दाबून धरतं, तेव्हा मोठं आतडं तिच्यातलं पाणी शोषत राहतं. शी कडक होते. कडक म्हणून दुखते, दुखते म्हणून मूल घाबरतं आणि पुन्हा दाबून धरतं. आपलं ओरडणं म्हणजे या चक्रात आगीत तेल. त्यांनी शी मऊ होण्याचं औषध दिलं, पाणी आणि फळं वाढवायला सांगितली. आणि बजावलं, ‘‘सध्या पॉटीचा विषय बंद!’’

त्यानंतर दिवाळीला नांदुऱ्याला गेलो. बुलडाणा जिल्ह्यातलं हे आमचं गाव मुंबई-हावडा रेल्वेमार्गावर. घरबसल्या गाड्यांच्या शिट्ट्या ऐकू येतात आणि आमचं पोरगं गाड्यांचं वेडं. माझ्या आईनं ते बरोबर हेरलं. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर तिनं पॉटी अंगणात मांडली, नाक दाबलं आणि सुरू झाली, ‘‘प्रवाशांनो, ध्यान देऊन आयका! शी एक्स्प्रेस मलकापूरहून सुटली हाये. फलाट नंबर एकवर येऊन राह्यली हाये!’’

पोरगं खिदळलं. ‘‘आजी, फलाट कुठंय?’’

‘‘हे काय, तुह्या बुडाखाली!’’

बसला. गाडी काही आली नाही. माझा चेहरा उतरला, आईचा नाही. ‘‘लेट हाये बाप्पा. मालगाडीले साईड देली असन. गाडी लेट झाली म्हून स्टेशनले कोनी मारते काय?’’

तिथंच माझी ट्यूब पेटली. आम्ही इतके दिवस स्टेशनलाच मारत होतो!

चौथ्या दिवशी गाडी आली. अख्ख्या घरानं हिरवे रुमाल हलवले. त्याच संध्याकाळी हायवेवरचा १०५ फुटी मारुती बघायला निघालो, तर वाटेतच चड्डी ओली. आई म्हणाली, ‘‘स्टेशन मागं राह्यलं, गाडी पुढं गेली!’’ चड्डी बदलली, विषय संपला.

हसण्यानं नेमकं होतं काय?

भ्यालेलं मूल अंग आवळून घेतं, शीच्या जागेचे स्नायूसुद्धा. हसताना ते सैल पडतात. साबणाचे फुगे उडवताना किंवा भिरभिऱ्यावर फुंकर मारताना पोटातून हलका जोर लागतो आणि खालचे स्नायू मोकळे होतात. म्हणून तर पॉटीवर बसलेल्या मुलाच्या हातात फुगे द्यायला सांगतात.

अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ मध्ये हजाराहून जास्त मुलांच्या नोंदी मांडून सांगितलं होतं, की घाई करू नका, मूल तयार झालं की त्याच्या कलानं घ्या. आपल्या आज्या तर बाळाला पायांवर बसवून ‘शूऽऽ’ म्हणत आल्याच आहेत. आणि हसवत हसवत स्वच्छता शिकवणं वऱ्हाडाला नवं थोडंच आहे? अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन, कीर्तनात लोकांना प्रश्न विचारत, खसखस पिकवत हेच तर केलं!

फक्त एक भान ठेवा. हसायचं ते शीवर, गाडीवर, स्वतःवर. मुलावर नाही. पाहुण्यांसमोर ‘काल आमच्या पठ्ठ्यानं काय केलं माहितीये’ हा किस्सा आपल्याला गमतीचा वाटतो, त्याला तो अपमान वाटतो. लाजेनं पुन्हा फाटक बंद!

ट्राय करून बघा!

* दीड-दोन वर्षांनंतर मूल दोनेक तास कोरडं राहू लागलं, ‘शू आली’ सांगू लागलं, की सुरुवात करा.
* जेवणानंतर आतडी आपोआप हलू लागतात. तेव्हा पाच मिनिटं बसवा, जास्त नको.
* पाय लोंबकळत ठेवू नका. खाली पाट द्या.
* मुलाच्या आवडीचा खेळ निवडा. आमची ट्रेन, तुमचं विमान किंवा डायनासोर.
* टेडीला आधी बसवा. टेडीची ‘फजिती’ झाली की मुलाची भीती पळते.
* रात्रीचा कोरडेपणा उशिरा येतो. पाच वर्षांपर्यंत त्याची काळजी नको.
* शी कडक होत असेल, रक्त दिसलं किंवा मूल दाबून धरत असेल, तर विनोद बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना गाठा.

पुण्याला परतलो तेव्हा चार्ट काढून टाकला. आता डायपर फक्त रात्री. परवा सकाळी मीटिंगची घाई, मी बाथरूममध्ये पेपर वाचत बसलेला. दारावर थाप पडली आणि बाहेरून नाकातला आवाज आला, ‘‘बाबा, तुझी गाडी लेट आहे का?’’