सुट्टीत कोणता गेम खेळू द्यायचा?



१ मे ला निकाल वाटून झाला की वर्गाच्या दारात एक प्रश्न हमखास येतो, "बाई, सुट्टीत ह्याला मोबाईल द्यावा का नको?" आमच्या तासगाव भागात मे महिन्यात कुणाची द्राक्षबागेत छाटणीनंतरची कामं चालू असतात, कुणाचा बेदाणा निवडायचा असतो. पोराच्या हातात मोबाईल दिला की ते जागचं हलत नाही, तेवढीच कामाला उसंत. पूर्वी मी सरळ "नको" म्हणायचे. आता तसं म्हणत नाही. का, ते सांगते.

माझ्या वर्गातल्या चौथीच्या एका मुलाचे वडील सुट्टीनंतर शाळेत आले. खात्यातून थोडे थोडे करून साडेचार हजार रुपये गेले होते. मुलानं गेममधल्या पात्रासाठी कपडे आणि हिरे घेतले होते. पिन त्याला पाठ होता, कारण दुकानात पैसे देताना वडीलच त्याला आकडे दाबायला सांगायचे. मुलगा मान खाली घालून म्हणाला, "मला वाटलं ते गेममधलेच पैसे आहेत." तो खोटं बोलत नव्हता. वर्गात मी "मोबाईल वाईट" एवढंच सांगत आले होते. गेम कसा निवडायचा हे एकदाही शिकवलं नव्हतं.

नुसत्या बंदीनं काय होतं हेही आपण पाहिलंय. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने पबजी मोबाईलवर बंदी घातली. मुलं दुसऱ्या गेमकडे वळली, आणि जुलै २०२१ मध्ये तोच खेळ बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया या नावाने परत आला. म्हणून गेम घेण्याआधी मुलाला शेजारी बसवून हे चार प्रश्न विचारा.

१) वय किती लिहिलंय?
प्ले स्टोअरवर प्रत्येक गेमला ३+, ७+, १२+, १६+ किंवा १८+ असा आकडा असतो. तो गेम किती अवघड आहे हे सांगत नाही. त्यातली मारामारी, रक्त, भीती, शिवीगाळ, जुगार बघून तो ठरतो. त्यामुळे "आमचा पोरगा हुशार आहे, १६+ चालेल" हे बरोबर नाही.

२) फुकट आहे, मग पैसे कुठून मिळवतो?
एकतर जाहिरातीतून, नाहीतर गेमच्या आतल्या खरेदीतून. तिथे रुपयांचे आधी हिरे किंवा नाणी होतात आणि मग हिऱ्यांची वस्तू मिळते. या मधल्या पायरीमुळे मुलाला खरी किंमत कळत नाही. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी लावून ठेवा आणि यूपीआय पिन मुलांना सांगू नका. पैसे लावून पैसे जिंकायचे गेम तर नकोतच. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून त्यांवर बंदी घातली आहे. कुणी ऑनलाइन फसवलं तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करा.

३) खेळताना समोर कोण आहे?
अनोळखी माणसाशी बोलता येत असेल तर ती सोय बंद करा. बंद होत नसेल तर प्राथमिकच्या मुलाला तो गेम नको.

४) थांबायची जागा आहे का?
बुद्धिबळाचा डाव संपतो, कोडं सुटतं. काही गेम मात्र "उद्या आला नाहीस तर बक्षीस जाईल" असं सांगून रोज ओढतात. अशा ठिकाणी मुलाला थांबणं जड जातं, आणि त्यात त्याचा एकट्याचा दोष नसतो.

मग काय द्यायचं? आपल्या सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकर यांनी नूतन बुद्धिबळ मंडळातून खेळाडू घडवले. स्वाती घाटे ही महिला ग्रँडमास्टर सांगलीचीच. बुद्धिबळासाठी लीचेस हे ॲप पूर्ण फुकट आहे, त्यात जाहिराती नाहीत आणि लहान मुलांसाठी गप्पा बंद ठेवायची सोय आहे. ८ ते १६ वयाच्या मुलांना स्क्रॅचवर स्वतःचा छोटा गेम बनवता येतो. घरी संगणक असेल तर जरूर करून बघा. गेम आपल्याकडेही बनतात हे मुलांना सांगा. 'राजी' हा २०२० चा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवला. त्यात एक बहीण आपल्या भावाला शोधायला निघते. अर्थात त्याचंही वय बघूनच ठरवा.

वेळेचं काय? कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये एक नियम केला. संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायचे. त्यात मोठी माणसंही आली, हे मला महत्त्वाचं वाटतं. आपण रील बघत बसायचं आणि पोराला "ठेव तो मोबाईल" म्हणायचं, हे चालत नाही.

रोज थोडा वेळ खेळणं म्हणजे व्यसन नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगच्या विकाराची लक्षणं सांगितली आहेत. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा गेमच महत्त्वाचा होणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं, आणि हे साधारण वर्षभर चालू राहणं. मात्र झोप, जेवण, मित्र सुटायला लागले तर वर्षभर वाट बघू नका, डॉक्टरांशी बोला.

शेवटी सुट्टीचा एक अभ्यास. मुलाला 'गेमची वही' करायला सांगा. गेमचं नाव, वयाचा आकडा, पैसे मागतो का, आज किती वेळ खेळलो आणि खेळाचे नियम पाच वाक्यांत. मराठी लेखनाचा सरावही होतो. गेल्या सुट्टीत त्याच मुलानं वही भरून आणली. एका पानावर लिहिलं होतं, "हा गेम पैसे मागतो म्हणून मी काढून टाकला."

मी त्याखाली लाल पेनानं 'छान' लिहिलं. तुमच्याकडे कोणती पद्धत चालली, तेही जरूर कळवा.