मातीपासून हाकेच्या अंतरावर

संग्रहालयं पाहावीत ती दसऱ्यापासून देवदिवाळीपर्यंत, हा माझा हेका जुना आहे. हिंडण्याचा ऋतू म्हणून आपल्याकडे सगळे डिसेंबराची वाट पाहतात. त्यांनी गड चढावेत. आपली गावोगावची संग्रहालयं जुन्या वाड्यांत, संस्थानी टाउन हॉलांत, कौलारू इमारतींत आहेत. पावसाळ्यात तिथं भिंतींना ओल सुटते, खिडक्या बंद असतात, कपाटांच्या काचांना आतून वाफ धरते. उन्हाळ्यात आत पाऊल टाकवत नाही. आश्विनात मात्र पावसानं धूळ बसवलेली असते, आभाळ निवळलेलं असतं, ऊन कलायला लागलेलं असतं, आणि जिथं सरकारी ट्यूबलाइट कधीच पुरत नाही तिथं खिडकीतून येणारा उजेड काम करून जातो. ऑक्टोबरच्या उकाड्यानं कुरकुरणाऱ्यांनी सकाळी दार उघडताना आत शिरावं, बाराला बाहेर पडावं आणि जेवून झोपावं.

मोठ्या शहरांचं आधी आटोपतो. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ पासून आणि फोर्टातलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय १९२२ पासून लोकांना खुलं आहे. दोन्ही उत्तम, दोन्ही नीटनेटकी, आणि दोन्हींचे गोडवे गायला माणसं पुष्कळ आहेत. नागपूरचा अजब बंगला १८६३चा. त्याच्यावर वैदर्भीयांनी लिहावं, मी लुडबुड करत नाही. पुण्याच्या केळकर संग्रहालयात तुम्ही शाळेच्या सहलीत गेलेला असताच. आता मोठेपणी एकदा जा आणि मस्तानी महालाच्या दालनात न रेंगाळता अडकित्ते आणि पाय घासायच्या वज्री बघा. दिनकर केळकरांचा चष्म्यांचा व्यवसाय, ‘अज्ञातवासी’ या नावानं कविता, आणि लहानपणीच गेलेल्या राजा नावाच्या मुलाच्या आठवणीत उभा केलेला हा वीस हजारांहून अधिक वस्तूंचा संसार, जो त्यांनी नंतर सरकारच्या स्वाधीन केला. अडकित्त्याला मोराचा आकार द्यावा असं ज्या कारागिराला वाटलं त्याचं नाव कुठल्याच बखरीत नाही. केळकरांनी निदान त्याचा अडकित्ता सांभाळला.

असे एकहाती संग्राहक हा माझा खरा विषय. त्यांच्यामुळेच आमच्या वर्तुळात माझं काहीजणांशी कायमचं वाकडं झालं. या मंडळींचं म्हणणं असं की खेड्यापाड्यांत पडलेलं जे काही मोलाचं आहे ते गोळा करून मुंबईला किंवा पुण्याला न्यावं. तिथं वातानुकूलन आहे, पहारा आहे, अभ्यासक आहेत. माझं म्हणणं, वस्तू जिथं निघाली त्या मातीपासून हाकेच्या अंतरावर राहावी. या वादात मी एकदा एका परिसंवादात आवाज चढवला होता आणि त्यानंतर मला त्या परिसंवादाला बोलावणं आलेलं नाही. त्याचं दुःख नाही.

औंधचंच घ्या. साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे निघालं की खटाव तालुक्यातलं हे छोटंसं गाव लागतं, वर यमाईचा डोंगर आणि त्याच डोंगरावर श्री भवानी संग्रहालय. नवरात्रात मुद्दाम जावं, गाव जागं असतं. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी हे संग्रहालय १९३८ साली उभारलं. हा राजा स्वतः चित्रकार, कीर्तनकार, सूर्यनमस्कारांचा कट्टर प्रचारक. किर्लोस्करवाडीला १९१० साली जागा मिळाली ती त्यांच्याच संस्थानात. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करून घेऊन त्यावर त्यांनी १९३२ साली ग्रंथ काढला. आणि १९३९च्या सुरुवातीला गांधीजींच्या सल्ल्यानं संस्थानची सत्ता प्रजेच्या हाती देणारी घटनाही लागू केली. म्हणजे एकीकडे राजा सत्ता सोडत होता आणि दुसरीकडे त्याच प्रजेसाठी डोंगरावर चित्रं लावत होता. या दोन गोष्टी एकाच मनातून आल्या असं मला वाटतं, पण राजकारणाचे अभ्यासक संग्रहालयात जात नाहीत आणि कलेचे अभ्यासक घटना वाचत नाहीत.

औंधला राजा रविवर्मा आहे, धुरंधर आहेत, बंगाली शैली आहे, लघुचित्रं आहेत. खटाव तालुक्यात हेन्री मूरचं माता-बालकाचं शिल्प आहे असं सांगितलं तर मुंबईचे तरुण चित्रकार थट्टा समजतात. त्यांना बसमध्ये घालून पाठवायला हवं. पाश्चात्त्य चित्रांच्या ज्या नकला तिथं आहेत त्यांना हसण्याची जाणकारांत फॅशन आहे. हसणाऱ्यांनी रोम आणि फ्लॉरेन्स पाहिलेलं असतं. ज्या पोरानं कोरेगावच्या पलीकडे पाऊल टाकलेलं नाही त्याला युरोपातली चित्रकला कशी असते हे कळावं म्हणून त्या नकला लावल्या आहेत, आणि त्या हेतूला त्या पुरून उरतात. इमारत बांधताना नैसर्गिक उजेडाचा विचार झालेला आहे. आश्विनातल्या सकाळी तो उजेड चित्रांवर कसा उतरतो ते पाहिलं की नव्या दालनांत छतातून डोळ्यांत घुसणारे दिवे बसवणाऱ्या ठेकेदारांची कीव येते.

मी तरुणपणी जायचो तेव्हा तिथं एक पहारेकरी होते. प्रत्येक चित्रापाशी उभं राहून ते आपल्या मनानं गोष्ट सांगायचे. कधी पुराणातली, कधी संस्थानच्या काळातली, कधी दोन्हींची सरमिसळ. कलेच्या इतिहासाच्या दृष्टीनं त्यातलं निम्मं चूक असेल. पण ऐकायला आलेली शेतकरी कुटुंबं त्यांच्यामागून दालनादालनातून हलायची आणि चित्रापुढे पाच-पाच मिनिटं थांबायची. आता सगळीकडेच गोष्ट सांगणारा माणूस गेला. कोपऱ्यात कॅमेरा असतो, आणि माणूस असलाच तर तो मोबाइलमध्ये असतो.

साताऱ्याच्या संग्रहालयात जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून तीन वर्षांच्या उसनवारीवर वाघनखं आली. रांगा लागल्या, ते चांगलंच झालं. निदान पोरांना संग्रहालयाचा दरवाजा कुठल्या दिशेला आहे ते कळलं. पण रांग वाघनखांपाशी संपायची. बाजूच्या नाण्यांकडे, कागदांकडे कोण बघतो? आपल्याकडे इतिहास म्हणजे हत्यार असं समीकरण बसलंय. खंडेनवमीला शस्त्रांची पूजा करावी, मीही करतो, पण वर्षाचे बाकीचे दिवस मडकी, मणी आणि अडकित्त्यांचे आहेत.

कोल्हापूरला मात्र मी हत्यारांसाठी कधी गेलो नाही. तिथल्या टाउन हॉलमध्ये, मेजर मँटनं बांधलेल्या त्या बुटक्या मनोऱ्यांच्या इमारतीत, एक छोटी कांस्यमूर्ती आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४०च्या दशकात ती मिळाली. ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन, रोमन घडणीचा. समुद्र सोडून घाटावर आलेला हा देव कोणाच्या सामानातून आला असेल, याचा विचार करत तिथं बसायला मला आवडतं. त्याच इमारतीत कोल्हापूरच्या चित्रकारांची परंपरा आहे. त्या परंपरेतले आबालाल रहिमान कोटीतीर्थाच्या काठी राहिले, आणि शाहू महाराज गेल्याच्या दुःखात आपली चित्रं त्यांनी त्याच तळ्यात सोडून दिली असं म्हणतात. म्हणजे जे पाहायला मिळतं ते तळ्याला न मिळालेलं. बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा बनवून सिनेमे काढले, हे मराठी वाचकाला सांगायला नको. त्यांच्या मुशीतले चंद्रकांत मांडरे पडद्यावर राजबिंडे आणि कागदावर निसर्गचित्रकार. रंगाची पूड कागदावर चोळून केलेलं त्यांचं पावडर शेडिंग राजारामपुरीतल्या त्यांच्या राहत्या घरात पाहायला मिळतं. घर त्यांनी चित्रांसकट सरकारला दिलं. दालनं लहान, प्रेक्षक थोडे, आणि पाण्यावरचा, डोंगरावरचा उजेड त्या पुडीत असा काही पकडलेला की बाहेर पडल्यावर रंकाळा वेगळा दिसतो. ऑगस्ट २०२४ मध्ये केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हापासून कोल्हापूरच्या प्रत्येक जुन्या इमारतीत शिरताना मी आधी विजेच्या वायरी बघतो.

आता तेर.

धाराशिव जिल्ह्यातलं, तेरणेच्या काठचं हे गाव. बहुतेकांना ठाऊक आहे ते गोरोबाकाकांचं म्हणून. पूर्वी बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्या गाडीनं ढोकीपर्यंत यायचं आणि पुढे मिळेल त्या वाहनानं. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतल्या प्रवासपुस्तिकेत तगर नावाच्या बाजारपेठेचा उल्लेख आहे. भडोचच्या बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तिथून कापड गाड्यांत भरून, वाट नसलेल्या मुलखातून भडोचला जायचं. हे तगर म्हणजे जुन्नर की देवगिरी, यावर विद्वानांनी बराच काळ शाई घालवली. १९०१ साली फ्लीटनं ते तेरशी जुळवलं. पुढे उत्खननं झाली, १९५८ साली चापेकरांचं झालं.

पण तेरला खरं ओळखलं ते तिथल्याच रामलिंगप्पा लामतुऱ्यांनी. गावाभोवती पांढरीची टेकाडं आहेत. पावसाळा सरला की त्यांच्या उतारांवरची माती धुऊन गेलेली असते, आणि रब्बीच्या ज्वारीसाठी शेतं नांगरली जातात. अशा वेळी मातीतून वर येतात कार्नेलियनचे मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, नाणी, पांढऱ्या केओलिन मातीच्या स्त्रीमूर्ती आणि रोमन नाण्यांच्या नकला ठसवलेल्या मातीच्या चकत्या. लामतुरे हे सगळं वर्षानुवर्षं गोळा करत राहिले. हजारो वस्तू झाल्या. कोणी पगार दिला नाही, कोणी पदवी दिली नाही. पुढे तो संग्रह सरकारकडे गेला आणि त्यांच्या नावाचं शासकीय संग्रहालय तेरलाच झालं. पैठणला बाळासाहेब पाटलांनी असंच केलं. मराठवाड्याच्या सातवाहन काळाची आपली निम्मी ओळख अशा पदवी नसलेल्या माणसांनी घडवली आहे.

माझे प्रतिपक्षी इथं बोट ठेवतात. वस्तू थरातून सुटली की मुकी होते, म्हणतात. ती किती खोल होती, शेजारी काय होतं, हे कळलं नाही तर तिचा काळ ठरवता येत नाही. शास्त्र म्हणून हे बरोबर आहे. पण पावसानं धुऊन वर आलेला मणी थरातून आधीच सुटलेला असतो. तो लामतुऱ्यांनी उचलला नसता तर एखाद्या पोरानं गोट्यांत खेळवला असता, किंवा दलालानं मुंबईच्या बाजारात नेला असता, आणि तिथून तो कुठल्या परदेशी दिवाणखान्यात गेला असता ते शोधायला कुठलंच शास्त्र नव्हतं. पुराणवस्तूंचा कडक कायदा आला १९७२ साली. त्याआधी कित्येक पावसाळे तेरच्या मातीवर नजर ठेवायला हा एक माणूस होता.

त्या संग्रहात एक हस्तिदंती बाई आहे, पंजात मावेल एवढी. दागिन्यांनी मढलेली, उभी. तिची जोडीदारीण इटलीत पाँपेईला १९३८ साली सापडली. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडली गेलेली, आज नेपल्सच्या संग्रहालयात असते. जालन्याजवळच्या भोकरदनलाही उत्खननात तशीच एक निघाली. पाँपेईची बाई मुळात आपल्याच दख्खनच्या कारागिरांच्या हातची असावी, या मताला या दोघींनी मोठं बळ दिलं आहे. म्हणजे ज्या गावाला आज एसटी वेळेवर येत नाही, तिथल्या बाजारपेठेचे धागे व्हेसुव्हियसच्या पायथ्यापर्यंत पोचले होते. हे मुंबईच्या वातानुकूलित दालनात वाचून कळतं. तेरमध्ये ती मूर्ती पाहून बाहेर यावं, टेकाडावर चढावं, पायाखाली खापरं करकरावीत, समोर तेरणा आणि सोयाबीनच्या काढलेल्या शेतांतले ढीग दिसावेत. मग पेरिप्लसच्या गाड्या कुठून निघाल्या असतील याचा अंदाज घेता येतो. (खापर उचलायचं नाही. आता कायदा आहे आणि असावा.)

आमच्या मराठवाड्यातल्याच एका संग्रहालयाच्या दारात मी ऐन दिवाळीत कुलूप पाहिलं. सरकारी सुट्टी. वर्षात जेव्हा पुण्या-मुंबईची पोरं गावी येतात, आजोळी चार दिवस काय करायचं म्हणून आईबापांचं डोकं खातात, नेमकं तेव्हा दार बंद. चिकटवलेल्या कागदावर पुढच्या सोमवारची तारीख होती, आणि सोमवारी संग्रहालयाला साप्ताहिक सुट्टी! त्याच जिल्ह्यात फायबरचे पुतळे, ध्वनिप्रकाश आणि उपाहारगृह असलेलं ‘अनुभव केंद्र’ मात्र रात्री नऊपर्यंत उघडं होतं. तिथं बारा बलुतेदार सिमेंटचे होते आणि कुंभाराच्या चाकावर खरं मडकं एकही नव्हतं. अशा केंद्रांवर कोटींचे आकडे खर्च होतात, आणि संग्रहालयात फलकावरचं शुद्धलेखन सुधारायला निधी नसतो.

गोव्यात बाणावलीला व्हिक्टर ह्यूगो गोम्सनं ‘गोवा चित्र’मध्ये शेतीची जुनी अवजारं जमवली आहेत, तीही एकहाती. अजून असे लोक निपजतात, याचा मला दिलासा वाटतो.

माझी सरकारकडे एक मागणी आहे, लेखी दिलेली आहे, उत्तर आलेलं नाही, म्हणून इथं पुन्हा छापतो. वाघनखं लंडनहून साताऱ्याला उसनी येऊ शकतात, तर पाँपेईची बाई नेपल्सहून तेरला उसनी का येऊ शकत नाही? सहा महिने, दसऱ्यापासून गुढीपाडव्यापर्यंत. तेरची आणि भोकरदनची तिच्या शेजारी ठेवा. रांग लागली नाही तर माझं नाव बदला. मुंबईत भरवू म्हणून अर्थातच सुचवलं जाईल. तेरला वीज जाते, रस्ता खराब आहे, राहायला हॉटेल नाही, इटलीवाले मान्य करणार नाहीत, ही सगळी कारणं मला तोंडपाठ आहेत. मग वीज द्या, रस्ता करा. हॉटेलचं तेरकर बघून घेतील. पाहुण्याला जेवू घालायची सवय त्या गावाला गोरोबाकाकांच्या यात्रेपासून आहे.