बिबा : वेचणी, बी वाटप आणि बांधावरची लागवड

रिठद आणि रिसोड तालुक्यातल्या शेतकऱ्यांना बिबा नवा नाही. सोयाबीन-तुरीच्या शिवारात, माळाच्या कडेला एखादे जुने झाड असते. हिवाळ्यात त्याखाली काळे बिबे पडू लागले की वेचणी सुरू होते, आणि गोडंबी बाळंतिणीच्या लाडवात जाते. पण बहुतेक वेळा सगळे बिबे विकले किंवा फोडले जातात, बियाण्यासाठी कोणी ठेवत नाही. जुने झाड वठले की त्या बांधावरचा बिबा संपला. म्हणून यंदा वेचताना पसाभर बी बाजूला ठेवा.

बिबा हा आंबा आणि काजूच्या कुळातला. काजूसारखेच याच्या फळाला वर फुगलेले नारिंगी बोंड आणि खाली कवचाचे बी असते. बोंड वाळवून खातात. कवचात मात्र काळा, जळजळीत चीक असतो. पूर्वी धोबी कपड्यांवर खूण करायला तोच वापरत, कारण तो डाग धुण्याने जात नाही. जपानी लाखेच्या झाडाच्या चिकातही याच जातीची रसायने असतात, आणि तोही असाच अंगावर उततो.

वेचताना आणि फोडताना

बिबा उतणे ही थट्टा नाही. चीक लागला त्याच क्षणी काही वाटत नाही. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी खाज, सूज आणि फोड येतात. एकाला काहीच होत नाही, दुसऱ्याचे तोंड सुजते. ‘आम्हाला सवय आहे’ म्हणणाऱ्या बाईच्या भरवशावर नव्या सुनेला किंवा लेकराला फोडायला बसवू नका.

हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. हाताला राख चोळून बसण्याची जुनी पद्धत आहे, पण राखेने डोळे वाचत नाहीत. दगडाने फोडताना चिळकांडी थेट तोंडावर उडते, म्हणून साधा प्लास्टिकचा चष्मा तरी लावा. चीक लागलाच तर लगेच साबण आणि भरपूर पाण्याने धुवा, खोबरेल नंतर. डोळ्यात गेला तर पाण्याने धूत राहा आणि तडक दवाखाना गाठा. टरफले चुलीत घालू नका, त्यांचा धूरही बाधतो.

केंद्र सरकारने मे २०२० मध्ये गौण वनोपजांचे हमीभाव सुधारले, तेव्हा बिब्याला किलोला ९ रुपये ठरले. गोडंबीचा दर त्याच्या कितीतरी पट असतो. हा फरक फोडणाऱ्या बायांच्या हाताच्या कातडीतून निघतो, असे माझे स्पष्ट मत आहे. गोडंबी घेताना फार घासाघीस करू नये.

बी कसे निवडावे

हिरवे बिबे झोडपून पाडू नका. ते बियाण्याच्या कामाचे नसतात आणि त्यांना चीकही जास्त असतो. पूर्ण काळे, टपोरे, आपोआप पडलेले बिबे घ्या. बोंड काढा आणि बी पाण्यात टाका. तरंगेल ते पोचट; बुडेल ते ठेवा. सावलीत वाळवून कापडी पिशवीत किंवा कोरड्या वाळूत ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत बी घामेजते. बी त्याच वर्षी वापरा, जुन्याची उगवण घटत जाते.

शेजाऱ्याला बी देताना पिशवीवर ‘बिबा, हात लावू नये’ असे लिहा आणि वेचल्याचा महिना टाका. शक्यतो दोन-तीन वेगवेगळ्या झाडांचे बी एकत्र करून द्या. याला कारण आहे. बिब्याची काही झाडे नर फुलांचीच असतात, त्यांना फळ धरत नाही. एकाच रोपावर भिस्त ठेवलेल्याला वर्षानुवर्षे वाट पाहून नुसती पानेच मिळू शकतात. रोपावरून नर-मादी ओळखता येत नाही. म्हणून बांधावर किमान पाच-सहा रोपे लावा, दोन रोपांत आठ-दहा मीटर अंतर ठेवा.

लागवड

जून उजाडला की बी एक दिवस पाण्यात भिजवा. भिजवलेले पाणी गुरांच्या वाटेत ओतू नका. माती, वाळू आणि शेणखत भरलेल्या उंच पिशवीत बी आडवे, दोन-तीन सेंटिमीटर खोल लावा. कवच जाड असल्याने उगवायला काही आठवडे, कधी दीड-दोन महिने लागतात. पिशवी उकरून पाहण्याचा मोह टाळा. सोटमूळ खोल जाते, त्यामुळे लहान पिशवीत रोप फार काळ ठेवले तर मूळ गुंडाळते. जमत असेल तर बी थेट बांधावरच्या खड्ड्यात टाकलेले बरे. एका खड्ड्यात दोन-तीन टाका आणि जोमदार रोप ठेवा. मुरमाड, हलकी जमीन चालते, पाणी साचणारी चालत नाही. पहिली दोन उन्हाळी भोवती गवताचे आच्छादन आणि अधूनमधून एक घागर पाणी द्या.

वाढ संथ असते. हे झाड घरापासून, गोठ्यापासून आणि शाळेच्या वाटेपासून दूरच लावा. काटेपूर्णा किंवा कारंजा-सोहोळ अभयारण्यातून बी आणू नका. इतर वनजमिनीवर वेचण्याआधी ग्रामसभेत आणि वनरक्षकाकडे विचारून घ्या.