‘सरकारची फी भरलीय’ म्हणजे नेमकं काय?



मागे त्र्यंबक रस्त्याकडच्या एका गटाच्या मासिक बैठकीला गेले होते. बचत जमा झाली, कर्जाचे हप्ते वहीत चढले, आणि उठायच्या वेळेला एक मावशी म्हणाल्या, “ताई, एक विचारायचं होतं.” त्यांच्या शेताच्या वरच्या अंगाला दगडाची जुनी खाण आहे, पडीकच. एक माणूस दोनदा येऊन गेला. “कंपनीची माती टाकतो, खेपेमागे पाचशे रुपये देतो, तुमचा खड्डाही बुजेल,” म्हणाला. मावशींनी विचारलं, काही भानगड तर नाही ना? तर म्हणाला, “सरकारची फी भरलीय, परवाना आहे. तुम्ही काळजी करू नका.”

मावशींचा प्रश्न सरळ होता. फी भरली असेल तर टाकू द्यायला हरकत काय? पाचशे रुपये म्हणजे आपल्या बाईला दिवसभराच्या मजुरीपेक्षा जास्त. नुसतं ‘नको’ म्हणून भागत नाही, का नको तेही सांगावं लागतं. तेच आज सांगते.

आधी हे लक्षात घेऊ की कचरा दोन जातीचा. एक आपल्या घरातला, घंटागाडीत जाणारा. त्याची जबाबदारी ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका यांची. दुसरा कारखान्यातला. त्यातही पुठ्ठा, लाकूड असं साधं काही असतं, आणि काही घातक असतं: रंगाचा गाळ, प्लेटिंगचा गाळ, वापरलेलं तेल, रसायनाची पिंपं. सातपूर, अंबडच्या औद्योगिक वसाहतींत हा दुसरा कचरा रोज निघतो. ‘कंपनीची माती’ या शब्दात काय दडलंय ते डोळ्यांनी ओळखता येत नाही. गाळ वाळला की मातीसारखाच दिसतो.

आता फीचं बघू. कारखाना असो की कचऱ्याची भरावभूमी, तिला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. पाण्याचा कायदा १९७४ चा, हवेचा १९८१ चा; त्या दोन्हींखाली ती मिळते. आधी उभारण्याची संमती, मग चालवण्याची. घातक कचरा हाताळायचा तर त्याचं प्राधिकारपत्र वेगळं. संमतीची फी धंद्यात किती भांडवल घातलंय त्यावरून ठरते. ही फी अर्जासाठी असते. ‘या जागी, या अटींवर, एवढंच काम करा’ असं सांगणारा कागद मिळतो. उद्या विहीर नासली तर ती साफ करण्याचे पैसे त्या फीत नसतात.

लग्नाचा हॉल आठवा. हॉल घेताना आपण भाडं भरतो, आणि वेगळी अनामत ठेवतो. भाडं वापराचं असतं. अनामत असते ती मागे पत्रावळी, खरकटं, फुटलेल्या खुर्च्या सोडून गेलो तर त्यासाठी. हॉलवाला अनामत आधी घेतो, कारण वरात गेल्यावर कोण परत येतंय? कचऱ्याच्या खड्ड्याचं तसंच आहे. सरकारी फी हे भाडं. साफसफाईची अनामत कोणी ठेवली, हा खरा प्रश्न.

कायद्याप्रमाणे खड्डा कसा करायचा ते ऐका, म्हणजे खर्च कुठे होतो ते कळेल. घरगुती कचऱ्याच्या भरावभूमीसाठी २०१६ च्या नियमांनी सांगितलं होतं की नदीपासून १०० मीटर, वस्ती, तळं आणि पिण्याच्या विहिरीपासून २०० मीटर अंतर हवं. खाली ९० सेंटिमीटर दाबलेली चिकणमाती, तिच्यावर दीड मिलिमीटर जाडीचा प्लॅस्टिकचा अखंड पडदा. भूजल त्या तळापासून किमान दोन मीटर खाली हवं. कचऱ्यातून झिरपणारं काळं पाणी गोळा करून शुद्ध करायचं. खड्डा भरून बंद झाला तरी पुढे किमान १५ वर्षं त्याची देखभाल करायची. घातक कचऱ्याच्या खड्ड्याचे नियम याहून कडक आहेत. तिथे बंद झाल्यावरची देखभाल ३० वर्षांची धरतात, आणि तिचा पैसा धंदा चालू असतानाच वेगळ्या खात्यात बाजूला काढायचा असतो. ही झाली अनामत.

महाराष्ट्रात घातक कचऱ्याचे असे सामायिक खड्डे मोजकेच आहेत: तळोजा, महापे, रांजणगाव, बुटीबोरी. सातपूरच्या कारखान्याला गाडी लांब पाठवावी लागते. वाहतुकीचा खर्च येतो आणि दारात टनामागे दर द्यावा लागतो. त्या दरातच पडद्याचा, पाणी शुद्ध करण्याचा आणि पुढच्या ३० वर्षांचा हिस्सा असतो.

आता मावशींच्या खाणीत खेप टाकणाऱ्याचा हिशेब मांडा. लांबचं डिझेल वाचलं, दारातला दर वाचला. मावशींना पाचशे दिले, बाकी खिशात. म्हणजे ते पाचशे रुपये खाणीच्या भाड्याचे नाहीत. रांजणगावला जो खर्च व्हायला हवा होता तो वाचवला, त्यातला अगदी छोटा तुकडा मावशींना मिळणार. आणि ३० वर्षांची देखभाल? ती मावशींच्या विहिरीकडे.

हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. ब्रिटनमध्ये १९९६ साली भरावभूमीवर कर बसला, तेव्हा टनाला ७ पौंड होता. वाढत वाढत तो १०० पौंडांच्या पुढे गेला. त्यामुळे खड्ड्यात जाणारा कचरा खूप घटला. पण कर चुकवून रात्री शेतात, रानात कचरा ओतून पळणारेही निघाले. फी वाढवली की चांगला माणूस कचरा कमी करतो, लबाड माणूस अंधारात टाकतो. म्हणून नुसती फी पुरत नाही, गावाचा डोळाही लागतो.

साफसफाई मागाहून करायची म्हटली की काय होतं, त्याची दोन उदाहरणं सांगते.

पहिलं राजस्थानातलं. उदयपूरजवळ बिछडी नावाचं गाव आहे. तिथे १९८८ च्या सुमारास रंगासाठी लागणारं एक आम्ल बनवणारे कारखाने परवानगी न घेताच सुरू झाले. सुमारे २४४० टन गाळ उघड्यावर पडला. पावसाने तो जमिनीत मुरला आणि आसपासच्या विहिरींचं पाणी काळपट होऊन पिण्यालाच काय, शेतीलाही निरुपयोगी झालं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९६ मध्ये निकाल लागला: ज्याने घाण केली त्यानेच ती साफ करण्याचा खर्च द्यायचा. ‘प्रदूषण करणारा भरपाई देईल’ हे तत्त्व आपल्या देशात पक्कं करणारा हा एक महत्त्वाचा निकाल. पुढे साफसफाईचा आकडा ३७ कोटी ३८ लाख ५० हजार रुपये ठरला. पण कारखानदारांनी एकामागून एक अर्ज करत पैसे भरणं टाळलं. शेवटी २०११ मध्ये न्यायालयाने १२ टक्के चक्रवाढ व्याजासह ते भरायला सांगितलं. म्हणजे गाळ पडला १९८८ ला आणि २०११ ला अजून पैशाचाच वाद चालू. तेवीस वर्षांत विहिरीवर पाण्याला गेलेल्या मुलीची मुलगी लग्नाला येते. निकाल गावाच्या बाजूने लागला होता, तरीही!

दुसरं मुंबईचं. देवनारला १९२७ पासून शहराचा कचरा पडत आला. तेव्हा खाली पडदा नव्हता, अनामत तर नव्हतीच. तिथला सुमारे १८५ लाख टन जुना कचरा हटवायला मुंबई महापालिकेने २०२५ मध्ये २३६८ कोटी रुपयांची निविदा काढली. भागाकार केला तर टनामागे जवळजवळ १२८० रुपये येतात. हा पैसा कर भरणाऱ्यांचा. कचरा ज्यांनी टाकला त्यांच्यातले कितीतरी जण आज हयातही नाहीत.

म्हणून मावशींना मी सांगितलं, फीची पावती बघून विश्वास ठेवू नका. पावतीवर कुठली जागा लिहिलीय ते बघा. संमती एका ठरावीक जागेची असते. कारखान्याचा परवाना कारखान्यापुरता, तो तुमच्या खाणीला लागू होत नाही. आणि आणखी एक गोष्ट. घातक कचरा ज्याच्या ताब्यात, त्याचीही जबाबदारी कायदा धरतो. ट्रक निघून गेला की ढीग आपल्या जमिनीत, सातबाऱ्यावर नाव आपलं. चौकशीला साहेब आले तर पहिल्यांदा दार आपलंच वाजणार.

जमीन, खाण किंवा गायरान कोणी मागायला आलं तर हे प्रश्न विचारा. गटाच्या वहीत लिहूनच ठेवा.

एक, माल कोणत्या कारखान्याचा आणि नेमका काय?

दोन, या गट नंबरच्या जागेसाठी प्रदूषण मंडळाचं संमतीपत्र आहे का? त्याची प्रत द्या.

तीन, घातक कचरा असेल तर वाहतुकीचा नमुना १० कुठे आहे? तो सात रंगांच्या प्रतींत असतो. माल पोचल्यावर घेणाऱ्याची सही होऊन एक प्रत कारखान्याला परत जाते. चालकाकडे कागदच नसेल तर तिथेच समजा.

चार, खाली पडदा कोण घालणार, झिरपलेलं पाणी कुठे जाणार?

पाच, खड्डा भरल्यावर देखभाल कोण करणार, आणि त्याचा पैसा आज कुठल्या खात्यात आहे?

खरा माणूस कागद दाखवतो. दुसरा ‘उद्या आणतो’ म्हणतो.

कागद खरा की खोटा हे तपासायला आपल्याला मुंबईला जावं लागत नाही. प्रदूषण मंडळाचं नाशिकचं प्रादेशिक कार्यालय आपल्या सातपूरलाच, त्र्यंबक रस्त्यावर उद्योग भवनात आहे. तिथे माहिती अधिकाराचा अर्ज देता येतो. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तीही माफ. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा. उत्तर ३० दिवसांत मिळायला हवं. एवढंच लिहा: ‘अमुक गाव, अमुक गट नंबर येथे कचरा टाकण्यास मंडळाने संमती दिली आहे का? दिली असल्यास प्रत मिळावी.’

रीतसर मोठा प्रकल्प येत असेल तर बहुतेक वेळा जनसुनावणी होते. तिची सूचना किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात यावी लागते. तिथे बाई बोलली तर तिचं म्हणणं इतिवृत्तात लिहून घ्यावं लागतं. आधी ग्रामसंघात बसून दोघीतिघींनी मुद्दे वाटून घ्या, म्हणजे माईक हातात आल्यावर गडबड होत नाही.

आणि जिथे आधीच टाकून झालंय तिथे? जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित जागांसाठी नवे नियम आणले. घातक रसायनांनी नासलेल्या संशयित जागांची यादी स्थानिक संस्थेने किंवा जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी करायची आहे. लोकांच्या तक्रारीवरूनही नाव घेता येतं. पुढे तपासणी होऊन दोषी ठरेल त्याच्याकडून साफसफाईचा खर्च वसूल करायचा. दोषी सापडलाच नाही तर सरकारने करायचा. गावच्या घरगुती कचऱ्याचा डेपो मात्र यात येत नाही. विहिरीच्या पाण्याला वास येत असेल, रंग बदलला असेल, तर तारीख घालून ग्रामसभेत ठराव करा आणि तो जिल्हाधिकाऱ्यांना पाठवा. ठरावाची पोच घ्यायला विसरू नका.

शेवटी आपल्या घरातलं. घनकचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२६ पासून लागू आहेत. कचरा चार भागांत वेगळा करायचा: ओला, सुका, पॅड-डायपरसारखा, आणि रंगाचे डबे, औषधं, बल्ब अशा काळजीने हाताळायच्या वस्तूंचा. मिसळलेला कचरा भरावभूमीत पाठवणाऱ्या नगरपालिकेला, ग्रामपंचायतीला आता जास्त शुल्क आहे. ते शुल्क शेवटी आपल्याच घरपट्टीतून जाणार. म्हणजे दुसऱ्याला अनामत मागताना आपणही आपल्या ओट्यावर दोनाच्या जागी चार डबे ठेवायला हवेत.

मावशींनी त्या माणसाला कागद मागितले. तो ‘पुढच्या आठवड्यात आणतो’ म्हणाला, पुन्हा आला नाही. पण खाण अजून उघडीच आहे आणि तिकडे रात्री ट्रक जाऊ शकतो. म्हणून गटाने ठराव केला. खाणीच्या वाटेवर ज्यांची घरं आहेत त्या चौघींनी लक्ष ठेवायचं, गाडी दिसली तर नंबर, तारीख आणि वेळ वहीत लिहायची, एकटीने गाडी अडवायला जायचं नाही. बचतीच्या वहीचं मागचं पान त्यासाठी राखलंय.

तुमच्या गावात अशी उघडी खाण, पडीक विहीर, ओढ्याकाठचा खड्डा आहे का? पुढच्या बैठकीत हप्ते घेऊन झाले की पाच मिनिटं हा विषय घ्या.