दुसरा रकाना

ऑक्टोबरच्या प्रारंभी, अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलचा हंगाम अखेरच्या निर्णायक सामन्यांकडे झुकलेला असतो त्याच सुमारास, फ्लोरिडा राज्याच्या पूर्व किनाऱ्यावरील ज्युपिटर या गावी एक निराळीच वर्दळ सुरू होते. सेंट लुईस कार्डिनल्स आणि मायामी मार्लिन्स हे दोन संघ वसंत ऋतूत जेथे सराव करतात, त्या रॉजर डीन क्रीडांगणाच्या विस्तीर्ण आवारातील अनेक मैदानांवर देशभरातून आलेले शालेय वयाच्या मुलांचे संघ एकाच वेळी खेळत असतात. आणि एका मैदानावरून दुसऱ्या मैदानाकडे धावणाऱ्या गोल्फच्या छोट्या गाड्यांतून, मांडीवर वही आणि हाती वेगमापक यंत्र घेऊन, मेजर लीग या सर्वोच्च व्यावसायिक लीगच्या संघांचे पारखी आणि विद्यापीठांचे प्रशिक्षक फिरत असतात. परफेक्ट गेम नावाची संस्था ही स्पर्धा भरवते. तिचे अजिंक्यपद कोणी मिळवले याची चौकशी या मंडळींपैकी फारच थोडे करतात, कारण ज्याच्यासाठी त्यांनी शेकडो मैलांचा प्रवास केलेला असतो तो बहुधा सोळा-सतरा वर्षांचा एखादा मुलगा असतो, आणि त्याच्याविषयी त्यांना जो प्रश्न सोडवायचा असतो त्याचे उत्तर त्या दिवशीच्या धावफलकावर लिहिलेले नसते. हा मुलगा पंचविसाव्या वर्षी कसा खेळेल, हा तो प्रश्न.

या प्रश्नाला एवढे मोल का आले, हे समजण्यासाठी त्या देशातील वार्षिक निवडीची व्यवस्था थोडी ध्यानात घ्यावी लागते. १९६५ पूर्वी ज्याची तिजोरी मोठी त्याने होतकरू मुलाच्या वडिलांपुढे भली मोठी रक्कम ठेवावी आणि करारनाम्यावर सही घ्यावी, असा खुला मामला होता. त्या वर्षीच्या जूनपासून ड्राफ्टची पद्धत सुरू झाली आणि आदल्या हंगामात तळाशी राहिलेल्या संघाने आधी निवड करावी, असा दंडक पडला. आता पहिल्या काही जागांसाठी सोडत काढतात, पण तत्त्व तेच राहिले आहे. एकदा मुलाचे नाव पुकारले गेले की त्याच्याशी बोलणी करण्याचा हक्क त्या एकाच संघाचा. अमेरिकेतील फुटबॉलच्या निवडीत येणारे तरुण विद्यापीठात तावून सुलाखून निघालेले, जवळजवळ तयार खेळाडू असतात; बेसबॉलमध्ये मात्र शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या अठरा वर्षांच्या मुलावर लक्षावधी डॉलर लावायचे आणि मग त्याला कनिष्ठ लीगमधून वर्षानुवर्षे पायऱ्या चढू द्यायच्या, अशी रीत आहे. वेल लावणाराला फळाची वाट पाहावी लागते, परंतु येथे फळ धरेल की नाही याचा अंदाज अंकुर पाहूनच लिहून द्यावा लागतो.

हा अंदाज लिहिण्याची जी रीत या व्यवसायात रूढ झाली आहे, ती मला फार विचारगर्भ वाटते. फलंदाजाचे पाच गुण मानलेले आहेत: चेंडूवर बॅट नेमकी बसवण्याचे कसब, चेंडू दूरवर टोलवण्याची ताकद, धावण्याचा वेग, फेकीचा जोर आणि क्षेत्ररक्षण. या प्रत्येकास २० ते ८० या मापाने गुण द्यायचे, आणि ५० याचा अर्थ मेजर लीगमधील सर्वसाधारण खेळाडूइतका. या मोजपट्टीचे श्रेय सामान्यतः ब्रँच रिकी यांना देतात. जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूस १९४५ साली करारबद्ध करून बेसबॉलमधील वर्णभेदाची भिंत ज्यांनी फोडली तेच हे रिकी. पण खरी मार्मिक गोष्ट अशी की प्रत्येक गुणापुढे दोन रकाने असतात. पहिल्यात आजचा आकडा लिहायचा, दुसऱ्यात उद्याचा. शाळकरी मुलाच्या फलंदाजीपुढे पहिल्या रकान्यात ३० आणि दुसऱ्यात ५५ असे लिहिलेले आढळले, तर त्यात विसंगती काहीच नसते. पहिला रकाना डोळे, घड्याळ आणि यंत्र यांच्या साहाय्याने कोणीही काळजीपूर्वक भरू शकेल. पारख्याची नोकरी असते ती दुसऱ्या रकान्यासाठी.

मैदानाच्या कडेला हे काम कसे चालते ते पाहण्यासारखे असते. पहिल्या बेसवरचा खेळाडू पिचरची नजर चुकवून दुसऱ्या बेसकडे झेपावतो, आणि पिचरने फेकलेला चेंडू कॅचरच्या हातमोज्यात बसल्याचा आवाज होताक्षणी जाळीमागच्या घड्याळांची बटणे दाबली जातात. कॅचर उठतो, वळतो, फेकतो, आणि सुमारे १२७ फुटांवरील दुसऱ्या बेसजवळच्या सहकाऱ्याच्या हातमोज्यात चेंडू शिरताच ती घड्याळे थांबतात. दोन सेकंदांच्या आत हे सारे आटोपले तर मुलगा लक्ष ठेवण्याजोगा. एवढ्यावर वही मिटणारा पारखी मात्र कच्चा समजावा. अनुभवी माणूस पाहतो ते त्या दोन सेकंदांतील पायांची ठेवण: हा वेग निव्वळ दंडाच्या बळावर आला आहे आणि म्हणून त्यात फारशी वाढ व्हायची नाही, की पाय अजून चुकीच्या जागी पडत असूनही तो एवढा आहे आणि शिक्षणाने सुधारण्यास वाव आहे? तीच कसोटी फलंदाजाची. शाळांच्या सामन्यांत धातूच्या बॅटी चालतात आणि त्यांच्या योगाने मुठीजवळ लागलेला चेंडूसुद्धा पुष्कळदा क्षेत्ररक्षकांच्या डोक्यावरून निघून जातो. ज्युपिटरच्या स्पर्धेत लाकडी बॅट घ्यावी लागते, आणि तीच चूक लाकडाने झाली तर बॅट तरी मोडते किंवा चेंडू पायाशी घरंगळतो. शाळेतील विक्रमवीराचे खरे रूप एका दुपारीच उघडे पडावे, असा हा साधा बदल आहे.

मग ज्या गोष्टींना घड्याळ लागत नाही त्या येतात. खांदे अजून भरायचे आहेत की भरून झाले, मनगटे किती रुंद आहेत, प्रेक्षकांत बसलेले आईवडील उंचीने आणि बांध्याने कसे आहेत, याचीही नोंद होते. या खेळात उत्तमातील उत्तम फलंदाजही दहांपैकी सुमारे सात वेळा अपयशी ठरतो. उलट गावच्या शाळेत अग्रेसर असलेल्या मुलास अपयशाची ओळखच नसते. म्हणून त्याने मारलेल्या होमरनपेक्षा, तीन चेंडू हुकवून बाद झाल्यावर तो बाकावर कसा परततो आणि पुढच्याच डावात क्षेत्ररक्षणासाठी कोणत्या चित्तवृत्तीने धावत जातो, हे पाहण्यासाठी काही जण मुद्दाम थांबतात. मला हे थांबणे या व्यवसायाचे सर्वांत सुसंस्कृत अंग वाटते.

संघाच्या दप्तरात या नोंदींची एक उतरंड असते. एकेका मुलखाचा जिम्मा घेतलेला पारखी शाळा-शाळांतून फिरून नावे काढतो. त्याच्या वर फेरतपासनीस असतो, जो निरनिराळ्या मुलखांतील मुलांची परस्परांशी रुजुवात घालतो. आणि सर्वांत वर निवडीचा प्रमुख. ज्युपिटरसारख्या स्पर्धेचे महत्त्व या दुसऱ्या पायरीला अधिक, कारण टेक्सासचा पिचर आणि जॉर्जियाचा फलंदाज समोरासमोर उभे राहण्याचा योग अन्यत्र क्वचितच येतो. तरीही खरा ध्यास बहुधा खालच्या पायरीवर सापडतो. न्यू जर्सीतील मिलव्हिल येथील माइक ट्राउट या मुलाविषयी २००९ साली अनेक संघ साशंक होते; थंड, पावसाळी प्रांत, सामने थोडे, समोरचे पिचर सामान्य, तेव्हा त्याच्या आकड्यांवर भरवसा किती ठेवायचा? लॉस एंजलिस एंजल्सचे त्या मुलखातील पारखी ग्रेग मोरहार्ट यांनी मात्र त्याच्यापुढे असामान्य आकडे लिहिले आणि ते मागे घेतले नाहीत. मुलाचे वडील जेफ ट्राउट हे कनिष्ठ लीगमध्ये त्यांचे सहकारी होते, त्यामुळे हे रक्त कोणत्या जातीचे आहे हे त्यांना जवळून ठाऊक होते. निवडीच्या दिवशी त्याच्याआधी चोवीस नावे पुकारली गेली, त्यांपैकी चोविसावे खुद्द एंजल्सनेच घेतलेल्या दुसऱ्या एका मुलाचे होते, ट्राउट पंचविसावा. २०१४, २०१६ आणि २०१९ या तीन वर्षी तो आपल्या लीगचा सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला.

उलट दाखला ब्रायन टेलरचा. नॉर्थ कॅरोलायनातील या शाळकरी पिचरला १९९१ साली न्यूयॉर्क यांकीजने सर्वांत आधी निवडले आणि साडेपंधरा लाख डॉलर दिले. दोन वर्षांनी एका भांडणात त्याचा खांदा दुखावला आणि मेजर लीगमध्ये त्याचा एकही सामना झाला नाही. पारख चुकली असे येथे म्हणवत नाही, कारण त्या डाव्या हाताचे सामर्थ्य सर्वांनी पाहिले होते. कधी मुलगाच नकार देतो: गेरिट कोल याला २००८ साली यांकीजने पहिल्या फेरीत निवडले असता त्याने विद्यापीठाची वाट धरली, २०११ साली पिट्सबर्ग पायरेट्सने त्याला अग्रक्रमाने घेतले, आणि अखेर २०१९ च्या डिसेंबरात त्याच यांकीजना त्याच्यासाठी नऊ वर्षांचा ३२ कोटी ४० लाख डॉलरांचा करार करावा लागला. म्हणून ‘हा मुलगा सही करील काय’ याची चाचपणी करण्यासाठी पारख्याला कुटुंबाच्या दिवाणखान्यातही बसावे लागते.

आता ज्या गोष्टीने मन अस्वस्थ होते तिच्याकडे येतो. १९७० च्या दशकाच्या मध्यास मिशिगन स्टेट विद्यापीठाचे प्रशिक्षक डॅनी लिटव्हायलर यांना पोलिसांचे रडार पाहून चेंडूचा वेग मोजण्याची कल्पना सुचली, आणि तेव्हापासून पिचरने हात उगारला की जाळीमागे यंत्रांची रांग उगारली जाते. आकड्याची ही मोहिनी किती दूरवर पोहोचते, याचे उदाहरण आपल्याच देशात घडले: २००८ साली वेगवान फेकीच्या एका स्पर्धेतून निवडलेले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातील दोघे भालाफेकपटू, बेसबॉलची परंपरा पाठीशी नसताना, पायरेट्सशी करारबद्ध झाले. त्यांचे धाडस थोर होते. पण मेजर लीगपर्यंत दोघांपैकी कोणी पोहोचू शकला नाही, कारण वेग हे या कलेचे एकच अंग आहे. मुलांना मात्र हे कोण सांगणार? यंत्रावर ९५ मैलांचा आकडा उमटला की विद्यापीठांचे निरोप येतात, हे त्यांना पक्के ठाऊक असते; म्हणून वसंतात शाळेसाठी, उन्हाळ्यात क्लबासाठी आणि शरदात पुन्हा पारख्यांपुढे, अशी बारमाही फेक सुरू राहते. कोपरातील अस्थिबंध अशा ताणासाठी घडलेला नाही. तो तुटला असता शरीरातील दुसरी कंडरा घेऊन नवा बसवण्याची शस्त्रक्रिया डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ साली टॉमी जॉन या पिचरवर प्रथम केली. जी प्रौढ व्यावसायिकासाठी योजली होती ती आज शाळकरी मुलांवर होते. अलाबामातील संशोधकांनी २००६ साली दाखवून दिले की वर्षातील आठ महिन्यांहून अधिक काळ स्पर्धेत पिचिंग करणाऱ्या मुलांवर शस्त्रक्रियेची पाळी येण्याचा संभव पाचपट असतो. २०१४ पासून मुलांच्या फेकींवर वयपरत्वे मर्यादा सुचवणारी नियमावली आहे, तीनुसार सतरा-अठराव्या वर्षी दिवसाला १०५ पेक्षा अधिक फेकी करू नयेत. पण ती नियमावली मुख्यतः शिफारस आहे, हुकूम नव्हे. मेजर लीगने २०२४ च्या डिसेंबरात प्रसिद्ध केलेल्या अहवालातही वेगाच्या या हव्यासावरच बोट ठेवले आहे. ज्यांच्या हातातील यंत्रांमुळे ही शर्यत लागली, त्या संघांनीच ऑक्टोबरनंतरचे काही महिने कोणत्याही शाळकरी पिचरकडे पाहायचे नाही असा करार आपसांत करावा, असे मला मनापासून वाटते. पारखी पाहायला येणार नाहीत असे कळले, तर मुलाच्या हाताला आपोआप विसावा मिळेल.

दरम्यान दुसऱ्या रकान्याची जागाही आक्रसत चालली आहे. १९८८ साली माइक पियाझा बासष्टाव्या फेरीत, तेही कुटुंबाच्या ओळखीखातर, निवडला गेला आणि २०१६ साली त्याची गणना खेळाच्या अमर खेळाडूंत झाली. तेवढ्या फेऱ्या आता नाहीत. २०२१ पासून ड्राफ्ट वीस फेऱ्यांत आटोपतो, आणि काही संघांनी मैदानावरील माणसे कमी करून चित्रफितींवर आणि संगणकावर भिस्त ठेवली आहे. विसाव्या फेरीपर्यंत ज्याचे नाव येत नाही तो मुलगा स्वतंत्रपणे करार करू शकतो, परंतु त्यासाठीही त्याच्या गावी जाऊन, भर पावसात सामना सुरू होण्याची वाट पाहत, वहीत त्याचे नाव लिहिणारा कोणीतरी असावा लागतो.