बुढान्याची पूजा आणि पिंजऱ्यातली पंधरा मिनिटं

८ जून २०२४. अमेरिकेतलं लुईव्हिल शहर. जाळीच्या अष्टकोनी पिंजऱ्यात दोन मुली रेफरीच्या दोन बाजूंना उभ्या आहेत. पंधरा मिनिटं एकमेकींच्या लाथा-बुक्क्या खाऊन दोघीही दमल्या आहेत. आता निकाल. एका पंचाने ३०-२७ असा कौल एकीला दिला, तर दुसऱ्याने नेमका तोच आकडा दुसरीच्या बाजूने दिला. तिसऱ्या पंचाचा कौल होता २९-२८. रेफरीने हात उंचावला तो पूजा तोमरचा!

ब्राझीलच्या रायेन दोस सांतोसला हरवून पूजा यूएफसीमध्ये लढत जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली. मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजेच एमएमए, या खेळात यूएफसीचं स्थान क्रिकेटमधल्या आयपीएलसारखं आहे. पैसा, प्रसिद्धी आणि जगातले उत्तम खेळाडू सगळे तिथेच असतात.

पण या एका विजयावरून पूजाचं करिअर समजणार नाही. त्यासाठी तिचे पराभवही बघावे लागतील.

ऊस, गूळ आणि कुस्तीचा मुलूख

पूजा उत्तर प्रदेशातल्या मुजफ्फरनगर जिल्ह्यातल्या बुढान्याची. हा जिल्हा आता दिल्ली एनसीआरमध्ये मोडतो, पण मेट्रो आणि मॉलची दिल्ली इथून बरीच लांब वाटते. सगळीकडे उसाची शेतं, गुळाची मोठी बाजारपेठ आणि जवळपास गावोगावी आखाडे. आपल्या कोल्हापूरच्या माणसाला इथे परकं वाटणार नाही. फरक एवढाच की, आखाड्यातली माती बराच काळ मुलांसाठीच होती.

पूजाचे वडील ती लहान असतानाच गेले. आईने मुलींना वाढवलं. बहिणींना कोणी त्रास दिला तर आपण भिडायचं, हे पूजाने लहानपणीच ठरवलं होतं. जॅकी चॅनचे सिनेमे बघून ती मार्शल आर्ट्सकडे ओढली गेली, असं तिने मुलाखतींमध्ये सांगितलं आहे. पुढे ती वुशू शिकली. या चिनी खेळात दोन प्रकार असतात. ताओलूमध्ये कसरतीसारखं सादरीकरण असतं, तर सांदामध्ये प्रत्यक्ष लढत. पूजा सांदा खेळायची आणि त्यात ती पाच वेळा राष्ट्रीय विजेती झाली.

वुशू हा मान्यताप्राप्त खेळ आहे. आशियाई स्पर्धांमध्ये तो १९९० पासून आहे. तरीही पूजा तो सोडून एमएमएकडे वळली. घरात कमावणारे हात कमी असताना मुलीने पिंजऱ्यात उतरून लढायचं म्हणणं आणि आईने त्याला होकार देणं, या दोन्हींना हिंमत लागते.

ही मारामारी नाही का?

पहिल्यांदा बघणाऱ्याला ती मारामारीच वाटते. बॉक्सिंगचे ठोसे, मुए थाईच्या लाथा, कुस्तीची पकड आणि जुजुत्सूचे डाव हे सगळं या एका खेळात येतं. पण नियम कडक आहेत. चावणं, केस ओढणं, डोळ्यात बोट घालणं आणि डोक्याच्या मागच्या बाजूला मारणं, या सगळ्याला बंदी आहे.

साधारण लढत पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्यांची असते. प्रत्येक फेरी जिंकणाऱ्याला १० गुण, हरणाऱ्याला ९ किंवा त्याहून कमी. म्हणजे ३०-२७ याचा सरळ अर्थ ‘तिन्ही फेऱ्या हिच्या’. लुईव्हिलला दोन पंचांनी एकच लढत बघून अगदी उलट मत दिलं, यावरून ती किती अटीतटीची झाली ते कळतं. पहिल्या फेरीत पूजाच्या लाथांनी रंग भरला. तिसऱ्या फेरीत तिच्या लाथेने रायेन खाली पडली. जुनं वुशू कामी आलं!

लढतीआधीची लढत

पूजा स्ट्रॉवेट गटात खेळते. या गटाची मर्यादा ११५ पौंड, म्हणजे साधारण ५२ किलो. वजन लढतीच्या आदल्या दिवशी होतं. त्यासाठी खेळाडू आठवडाभर आधीपासून मीठ आणि पाणी कमी करतात, घाम काढतात, काट्यावर उभे राहतात आणि मग लढतीपर्यंत शरीरात पुन्हा पाणी भरतात.

पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाटचं वजन १०० ग्रॅम जास्त भरलं आणि तिचा अंतिम सामना हुकला, हे आपण विसरलेलो नाही. एमएमएमध्ये किताबाची लढत नसेल तर एका पौंडाची, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅमची सूट मिळते. पण शरीर सुकवण्याचा धोका तोच राहतो.

बँकॉकची रात्र

आता पराभवांकडे येऊ. भारतात सुपर फाइट लीगमध्ये नाव झाल्यावर पूजा आशियातल्या वन चॅम्पियनशिपमध्ये गेली. तिथे तिच्या वाट्याला पराभवच जास्त आले. १० जानेवारी २०२० ला बँकॉकमध्ये थायलंडची लाडकी खेळाडू स्टॅम्प फेअरटेक्सने तिला तिच्याच प्रेक्षकांसमोर पहिल्याच फेरीत हरवलं. उभं राहून लढण्यात तरबेज असलेली पूजा जमिनीवर गेली की अडकते, हे सगळ्यांना दिसलं.

पूजा तेव्हा २६ वर्षांची होती. ‘आता पुरे, नोकरी बघ,’ असं कोणीही म्हटलं असतं, आणि त्यात चुकीचं काही नव्हतं.

पण ती परत आली. भारतातल्या मॅट्रिक्स फाइट नाइटमध्ये ती पुन्हा छोट्या मंचावर लढू लागली. जमिनीवरचे डाव सुधारण्यासाठी इंडोनेशियातल्या बालीमध्ये जाऊन सराव करू लागली. जुलै २०२३ मध्ये नोएडात, म्हणजे आपल्या घराच्या मुलखातच, तिने रशियाच्या अनास्तासिया फेओफानोवाला हरवून स्ट्रॉवेटचा किताब जिंकला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिचा यूएफसीशी करार झाला.

एकोणीस सेकंद

करार झाला म्हणजे आयुष्य मार्गी लागलं, असं या खेळात होत नाही. महाराष्ट्राचा भरत खंडारे २०१७ मध्ये यूएफसीत उतरला. भारतात जन्मलेला तो तिथला पहिला खेळाडू. शांघायमध्ये चीनच्या सोंग यादोंगकडून तो पहिल्याच फेरीत हरला.

मूळचा उत्तराखंडचा आणि दिल्लीच्या जिममध्ये घडलेला अंशुल जुबली २०२३ च्या फेब्रुवारीत ‘रोड टू यूएफसी’ स्पर्धा जिंकला, तेव्हा तो अपराजित होता. त्याच वर्षी अबू धाबीत तिसऱ्या फेरीत त्याचा पहिला पराभव झाला. मग दीड वर्षाच्या आसपास थांबून तो फेब्रुवारी २०२५ मध्ये सिडनीत उतरला आणि ती लढत अवघ्या १९ सेकंदांत संपली.

नवोदितांच्या करारात सहसा लढण्याची एक रक्कम असते आणि जिंकल्यास तेवढीच आणखी. म्हणजे हरलं की कमाई निम्मी. कोच, आहार आणि प्रवास यांचा खर्च त्यातूनच निघतो. लढती वर्षाला दोन-तीनच होतात. नॉकआउट झाल्यावर डॉक्टर सांगतील तितके दिवस लढता येत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण डोक्याला वारंवार बसणारे फटके मेंदूला कायमची इजा करू शकतात.

मुलं म्हणाली, ‘मला एमएमए शिकायचंय’ तर?

घाबरून नको म्हणू नका आणि रील बघून लगेच फीही भरू नका. आधी कुस्ती, ज्युदो, बॉक्सिंग किंवा वुशूसारखा मान्यताप्राप्त खेळ पक्का होऊ द्या. पूजाही त्याच वाटेने आली. लहान वयात सरावात डोक्यावर फटके नकोत. वाढत्या वयात वजन कमी करण्याचे प्रयोग तर अजिबात नकोत. चक्कर, उलटी, सतत डोकेदुखी असं काही झालं तर सराव थांबवून थेट डॉक्टर गाठा. आणि अभ्यास सोडू नका.

मार्च २०२५ मध्ये लंडनमध्ये पूजा पुन्हा पिंजऱ्यात उतरली. दुसऱ्या फेरीत आयर्लंडच्या शॉना बॅननने तिचा हात आर्मबारमध्ये पकडला. या डावात कोपर उलट्या दिशेने ताणलं जातं. अशा वेळी प्रतिस्पर्ध्याला थापटून ‘सोड’ म्हणायचं असतं. याला टॅप करणं म्हणतात. पूजा ही लढत हरली. एकूण हिशेब झाला नऊ विजय आणि पाच पराभव.

टॅप केलं की लढत जाते, पण हात वाचतो आणि त्याच हाताने उद्या पुन्हा सराव करता येतो. म्हणून जवळपासच्या जिममध्ये चौकशीला जाल, तेव्हा भिंतीवरची मेडल्स बघून झाल्यावर कोचला एक प्रश्न नक्की विचारा : ‘तुम्ही मुलांना टॅप करायला कधी शिकवता?’ उत्तर ‘पहिल्याच दिवशी’ असेल, तर पुढचं बोलणं करायला हरकत नाही.